मिरकरवाड्याचा धूर आणि जयगडचा धूर

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दोन अगदी वेगळ्या जातींची डिझेल इंजिने चालतात. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे या बंदरांतल्या मासेमारी नौकांमध्ये असते ते शंभर-दोनशे अश्वशक्तीच्या आसपासचे, पुष्कळदा मुळात ट्रकसाठी घडवलेले आणि नंतर समुद्रावर चालेल असे फेरफार करून नौकेत बसवलेले इंजिन. २००९ साली सुरू झालेल्या जयगडच्या खोल पाण्यातल्या बंदरात कोळसा घेऊन येणाऱ्या जहाजांचे इंजिन मात्र तीन मजली घराएवढे उंच असते, त्याच्या सिलिंडरचा व्यास दीड हातापर्यंत जातो आणि ते मिनिटाला जेमतेम शंभराच्या आतबाहेर फेरे घेते. दोहोंचे तत्त्व एकच, रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबर्ग येथे सिद्ध करून दाखवलेले : सिलिंडरातली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत तेल फवारताच ते ठिणगीवाचून पेटावे. धुराचा विचार करू लागले की मात्र या दोन इंजिनांची तोंडे विरुद्ध दिशांना होतात. मासेमारी नौका स्वच्छ तेल जुन्या धाटणीच्या इंजिनात जाळते, तर मोठे जहाज नियमांनी बांधलेल्या इंजिनात गंधकाचे तेल जाळते. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि सागरी इंजिनांच्या प्रदूषणाविषयी जे सरसकट बोलले जाते त्यातले बरेचसे याच कारणाने निरुपयोगी ठरते.

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी बहुतांश भाग निरुपद्रवी नायट्रोजन, उरलेला ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ यांचा असतो. त्याखालोखाल येतो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळाले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळणाऱ्या लिटरापेक्षा निघणाऱ्या वायूचे वजन जास्त कसे, असा प्रश्न येथे पडतो, पण तेलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन अंगावर घेऊन बाहेर पडतो, म्हणून हे वजन वाढते. या वायूवर नौकेत बसवता येईल अशी चाळणी व्यवहारात नाही. तो कमी करायचा तर तेलच कमी जाळावे लागते. उरलेले तीन घटक प्रमाणाने अल्प, पण माणसाच्या फुप्फुसाला आणि झाडाच्या पानाला तेच बाधतात : नायट्रोजनची ऑक्साइडे, गंधकाची ऑक्साइडे आणि काजळीसह असणारे सूक्ष्म कण.

या तिघांचे जन्मस्थान वेगवेगळे आहे, आणि पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. गंधकाची ऑक्साइडे तेलातून येतात. तेलात गंधक नसेल तर इंजिन कितीही जुनाट असले तरी धुरात गंधक येत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तेलातून नव्हे, हवेतून येतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन एरवी कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो, परंतु ज्वाळेचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याचे घट्ट बांधलेले रेणू फुटून ऑक्सिजनशी जोडले जाऊ लागतात आणि दोन हजार अंशांकडे जाताना हा वेग झपाट्याने वाढतो. काजळीचे कारण आणखी तिसरे : फवारलेल्या तेलाच्या थेंबाभोवती पुरेशी हवा पोहोचली नाही की त्यातला कार्बन अर्धवट जळून कणरूपाने उरतो. म्हणजे गंधक हा तेलाचा दोष, नायट्रोजन ऑक्साइड हा उष्णतेचा दोष आणि काजळी हा मिश्रणाचा दोष.

यांपैकी शेवटच्या दोघांचे आपसात हाडवैर आहे. डोके झाकावे तर पाय उघडे पडावेत असा हा प्रकार असून डिझेल इंजिनाच्या अभियंत्यांची अनेक दशके त्यातच गेली. तेल जरा लवकर फवारले, म्हणजे मिस्त्री मंडळींच्या भाषेत टायमिंग पुढे घेतले, तर ज्वलन लवकर आणि जोरात होते, तेल चांगले जळते, काजळी कमी होते, लिटरामागे काम अधिक मिळते. पण सिलिंडर तापतो आणि नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात. टायमिंग मागे घेतले तर नेमके उलटे घडते. त्यातून एक विचित्र परिणाम निघतो. बंदरातला कुशल मिस्त्री सायलेन्सरचा धूर दिसेनासा होईपर्यंत इंजिन जुळवत नेतो आणि मालक समाधानाने पैसे मोजतो, तेव्हा दिसणारे प्रदूषण घटलेले असते आणि न दिसणारे कदाचित वाढलेले असते, कारण सिलिंडरात जन्मणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू रंगहीन आहे. स्वच्छ दिसणारा धूर स्वच्छ असतोच असे नाही, हे लोकांना पटवणे कठीण, पण ते खरे आहे.

गंधकाची बाजू आकड्यांनी फार चटकन उघडी पडते. १ एप्रिल २०२० पासून भारतभर विकल्या जाणाऱ्या बीएस-६ दर्जाच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. मच्छीमार सहकारी संस्थांच्या पंपांवरून नौकांना मिळते ते हेच डिझेल, त्यामुळे मिरकरवाड्याची नौका एक टन डिझेल जाळते तेव्हा त्यातून फार तर २० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो. मोठ्या जहाजांचे इंधन म्हणजे तेलशुद्धीकरणात उत्तम अंश काढून घेतल्यावर उरणारा जाड, काळा गाळ किंवा त्याचे मिश्रण. काही प्रकार इतके दाट असतात की ते तापवल्याखेरीज नळीतून वाहत नाहीत. या इंधनात गंधकाची आजची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ०.५ टक्के, म्हणजे दहा लाखांत ५,००० भाग. एक टन असे तेल जळाले की १० किलो सल्फर डायऑक्साइड हवेत जातो, नौकेच्या पाचशेपट. आणि ही झाली सुधारलेली स्थिती. २०१९ च्या अखेरपर्यंत मर्यादा ३.५ टक्के होती, म्हणजे टनामागे ७० किलोपर्यंत मुभा होती.

ही मर्यादा घालणारा करार 'मार्पोल' या नावाने ओळखला जातो. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने केलेल्या या कराराला १९९७ साली हवेच्या प्रदूषणाविषयीचे सहावे परिशिष्ट जोडले गेले, ते प्रत्यक्षात यायला १९ मे २००५ उजाडला, आणि भारताने ते २०११ मध्ये स्वीकारले. तेल सांडण्याविषयी जगाला जितकी घाई होती तितकी धुराविषयी नव्हती, हे या तारखांवरून दिसतेच. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा काही ठिकाणी खास नियंत्रण क्षेत्रे आखली असून तेथे २०१५ पासून मर्यादा ०.१ टक्का आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यांत आला. भारताचा किनारा अशा क्षेत्रात मोडत नाही. जयगडला औष्णिक वीज प्रकल्प येऊ घातला तेव्हा चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने हापूसच्या मोहोराचे काय होईल, हा प्रश्न आंबा बागायतदारांनी न्यायालयापर्यंत लावून धरला होता. त्याच चिमणीसाठी कोळसा आणणाऱ्या जहाजाच्या धुराड्याकडे मात्र तेवढ्या बारकाईने कोणी पाहिले नाही, आणि हे केवळ रत्नागिरीत घडले असेही नव्हे.

०.५ टक्क्याचा नियम पाळण्याचे दोन मार्ग आहेत. सरळ मार्ग कमी गंधकाचे तेल विकत घेण्याचा. दुसरा मार्ग स्वस्त, गंधकी तेलच जाळून धुराड्यात 'स्क्रबर' बसवण्याचा. स्क्रबर म्हणजे धूर धुण्याचे यंत्र. त्यात समुद्राच्या पाण्याचे फवारे धुरावर सोडतात, पाण्याचा मूळचा अल्कधर्मी गुण गंधकाच्या आम्लाला मारतो आणि धुराड्यातून बाहेर पडणारा वायू नियमात बसतो. यांतल्या खुल्या पद्धतीत धुवून निघालेले आम्लधर्मी पाणी, काजळी आणि जड धातूंच्या अंशांसह, परत समुद्रात सोडले जाते. घरातला केर उचलून अंगणात टाकण्याचा हा प्रकार असल्याने सिंगापूरसारख्या बंदरांनी आपल्या हद्दीत खुल्या स्क्रबरला बंदी केली आहे. मासळीवर पोट असलेल्या किनाऱ्याने या यंत्राचे स्वागत करण्याचे कारण नाही.

गंधक कमी करण्याने काय साधते याचा एक अंदाज २००७ साली जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता : जहाजांच्या धुरातील सूक्ष्म कणांमुळे जगभर वर्षाला सुमारे ६०,००० अकाली मृत्यू होत असावेत, आणि त्यांतले बहुतेक किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत, दक्षिण आशिया धरून. वारा येथे महत्त्वाचा ठरतो. कोकणात दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. त्यामुळे दुपारी बंदरात शिरणाऱ्या किंवा बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजाचा धूर बंदरालगतच्या वाड्यांवरून जातो. जाता जाता एक अवघड गोष्टही नोंदवायला हवी. गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवतात आणि समुद्रावरचे ढग उजळवतात, म्हणून २०२० नंतर जहाजांचा धूर स्वच्छ झाल्यावर तापमानवाढीवरची ती छोटीशी सावली सरकली. गंधक ठेवावे असा याचा अर्थ नाही. कार्बनचा प्रश्न इतकी वर्षे काही अंशी दुसऱ्या घाणीने झाकलेला होता, इतकाच अर्थ आहे.

नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत चित्र पालटते आणि मासेमारी नौका अडचणीत येते. मार्पोलच्या नियमांत या वायूंसाठी तीन श्रेणी असून त्या इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून आहेत. मंद गतीच्या मोठ्या इंजिनाला दर किलोवॅट-तासाला, म्हणजे एक किलोवॅट शक्ती तासभर दिल्यामागे, पहिल्या श्रेणीत १७ ग्रॅम, दुसऱ्या श्रेणीत १४.४ ग्रॅम आणि नियंत्रण क्षेत्रांपुरत्या तिसऱ्या श्रेणीत ३.४ ग्रॅम इतकी मुभा आहे. हा नियम १३० किलोवॅटच्या वरच्या इंजिनांसाठी आहे. १३० किलोवॅट म्हणजे सुमारे १७७ अश्वशक्ती. कोकणातल्या कितीतरी नौकांची इंजिने या रेषेच्या अलीकडेच थांबतात, आणि जी पलीकडे जातात त्यांना मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर दुसऱ्या श्रेणीच्या सूत्राने ७.८ ग्रॅमची मर्यादा येते. तसल्याच जातीचे इंजिन बीएस-६ ट्रकमध्ये बसवायचे असेल तर मर्यादा आहे ०.४ ग्रॅमच्या आसपास. मुंबई-गोवा महामार्गावर धावणारा नवा ट्रक आणि त्यात भरायची मासळी बंदरात आणणारी नौका यांच्या इंजिनांचे खानदान एक असूनही कायद्याच्या नजरेत त्यांच्यात सुमारे वीसपट अंतर आहे. ट्रकला पीयूसी लागते. नौकेच्या सायलेन्सरपाशी यंत्र घेऊन कोणी उभे राहत नाही.

मोठ्या जहाजांवर नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्याचे उपाय आता बरेच स्थिरावले आहेत. निघालेल्या धुराचा काही भाग थंड करून परत सिलिंडरात घेतला की ज्वाळेला ऑक्सिजन कमी मिळतो, ती मंदावते आणि तापमान खाली येते. दुसरा आणि अधिक प्रभावी उपाय धुराच्या वाटेवर उत्प्रेरक ठेवण्याचा. शेतकऱ्याला ठाऊक असलेला युरियाच पाण्यात विरघळवून गरम धुरात फवारतात, त्यातून अमोनिया सुटतो, आणि उत्प्रेरकाच्या जाळीवर हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडांना गाठून त्यांचे पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. ट्रकचालक पंपावरून डीईएफ नावाने जे द्रावण विकत घेतात ते हेच. अडचण अशी की गंधक या उत्प्रेरकाचा वैरी आहे. गंधकी तेलावर चालणाऱ्या जहाजात धूर पुरेसा गरम नसला तर चिकट क्षार साचून जाळी तुंबते. उत्प्रेरक ही कार्बनवरची मात्रा नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे, दाभोळ प्रकल्पाच्या आवारात, द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचे टर्मिनल २०१३ पासून आहे, आणि तेथे येणारी वायुवाहू जहाजे या विषयात वेगळीच ठरतात. उणे १६२ अंशांवर द्रव करून ठेवलेला वायू प्रवासात थोडाथोडा उकळत राहतो आणि दोन इंधनांवर चालणारी इंजिने असलेले जहाज तो उडणारा वायूच जाळत येते. या इंधनात गंधक जवळजवळ नसते, काजळी नगण्य असते आणि कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो. परंतु काही प्रकारच्या इंजिनांत थोडा वायू न जळताच धुराड्यातून निसटतो. हा वायू मिथेन आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ ते ३० पट तापवणारा असल्याने थोड्याशा गळतीने कमाईचा मोठा भाग गमावला जातो. मिथेनॉल, अमोनिया ही नावे हल्ली वारंवार ऐकू येतात. त्यांचे भवितव्य इंजिनापेक्षा ते इंधन कशापासून बनवले यावर ठरेल. जागतिक जहाजवाहतुकीतून २०१८ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी २.८९ टक्के वायू निघाले, आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर येण्याचे ध्येय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवले आहे. ते गाठण्यासाठी आखलेल्या जागतिक शुल्काच्या आराखड्यावरचे मतदान ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलले गेले.

मासेमारी नौकेकडे वळले की मोठ्या शब्दांचा उपयोग संपतो आणि इंजिनाच्या खणात उतरावे लागते. १२० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालले तर तासाला सुमारे २३ लिटर डिझेल जाळते. तेवढ्या तेलाला नीट जळण्यासाठी रासायनिक हिशेबाने लागते त्याच्या दुप्पट तरी हवा द्यावी लागते, म्हणजे तासाला सुमारे साडेचारशे घनमीटर; दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा सोळा खोल्यांतली हवा तासाभरात हवेच्या एका गाळणीतून आत गेली पाहिजे. नौकेत इंजिनाचा खण आधीच कोंदट, वर लाट येऊ नये म्हणून झाकण लावलेले, आत तपमान पन्नास अंशांकडे गेलेले. तीस अंशांच्या हवेपेक्षा पन्नास अंशांची हवा सहा टक्के विरळ असते, आणि त्यात गाळणी खाऱ्या दमटपणाने चिकटलेली असली की तेल तेवढेच आणि हवा अपुरी, म्हणून काळा धूर. हा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, न जळलेले डिझेल होय. रुंद हवापाइप आणि स्वच्छ गाळणी याला फारसा खर्च नाही.

त्यानंतर तेल फवारणारे नोझल. तेलाचे थेंब जितके बारीक तितकी हवा त्यांना लवकर वेढते. जुन्या पद्धतीच्या नोझलची सुई दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडते, तर नव्या कॉमन रेल पद्धतीत, जेथे सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून संगणकाच्या आज्ञेने तेल मिळते, हा दाब सोळाशे ते दोन हजार बारांपर्यंत नेतात. जुन्या नोझलची सुई झिजली की फवारा सुटण्याऐवजी तेल टिपकते, थेंब जाड पडतात आणि काजळी वाढते. पाण्याच्या बाजूचाही एक दोष असतो. ट्रकच्या इंजिनाला ऐंशी-नव्वद अंशांवर चालायचे असते; थोडे तापले म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला तर समुद्राचे गार पाणी इंजिनाला कधीच त्या तापमानावर येऊ देत नाही, ज्वलन अर्धवट होते, पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि सिलिंडर लवकर झिजतो. झिजलेल्या रिंगांतून वंगण वर चढू लागले की धुराला निळसर छटा येते. काळा, पांढरा, निळा : धुराचा रंग पाहून रोग सांगणे हे वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे असले तरी बरेच खात्रीचे आहे.

खण सोडून बाहेर यावे तर तेलाचा मोठा नाश पंख्यापाशी आणि नौकेच्या तळाशी होतो. नौकेला साजेल त्याहून मोठ्या पीचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पाणी कापू पाहणारा पंखा बसवला तर इंजिन दमते, ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि सतत काळा धूर टाकते; अशा वेळी नोझल कितीही बदलले तरी गुण येत नाही. मोठा पंखा सावकाश फिरवणे हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा किफायतशीर, पण त्याला तसा गिअर आणि पंख्याभोवती तशी जागा लागते. ओढजाळे ओढणाऱ्या ट्रॉलरच्या पंख्याभोवती कडे बसवले तर मंद गतीत ओढ वाढते. तळावर शेवाळ आणि चुन्याच्या कवचाचे चिकटे जीव जमले की तीच गती राखण्यासाठी जास्त तेल द्यावे लागते.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र यंत्राचा नसून हाताचा आहे. पाण्यातून जाणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती ढोबळ मानाने गतीच्या घनाप्रमाणे वाढते. गती दहा टक्के कमी केली तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. मासेमारीची जागा २० सागरी मैलांवर आहे असे धरले, तर वरचे १२० अश्वशक्तीचे इंजिन ताशी ८ मैलांच्या गतीने अडीच तासांत तेथे पोहोचते आणि सुमारे ५७ लिटर डिझेल घेते. तांडेलाने गती ७.२ वर आणली तर सतरा मिनिटे जास्त लागतात आणि डिझेल ४७ लिटरांच्या आत येते. सतरा मिनिटांचे मोल दहा-अकरा लिटर डिझेल आणि हवेत न गेलेले सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइड, तेही एका खेपेच्या एकाच बाजूला. तांडेलाला हे कळत नाही असे नाही. लिलावात आधी पोहोचणाऱ्याला भाव मिळतो, बर्फ वितळत असतो, खलाशांना घरी जायचे असते. म्हणून हा प्रश्न शेवटी शीतगृहाचा, लिलावाच्या वेळेचा आणि मासळी ठेवण्याच्या सोयीचाही होतो. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा हा कोटा आणि लिटर यांच्या हिशेबाने मिळतो. तो मच्छीमाराचा आधार आहे यात वाद नाही, पण कमी जाळणाऱ्याला त्यातून काही खास मिळत नाही. त्या रकमेचा एक लहानसा भाग नवे नोझल, पंप-तपासणी किंवा योग्य पंखा यांसाठी राखून ठेवला गेला तर सरकारचाही खर्च पुढे घटेल. संशोधक टायडमर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार जगातल्या मासेमारी नौका वर्षाला सुमारे पाच हजार कोटी लिटर तेल जाळून आठ कोटी टनांहून थोडी अधिक मासळी आणत होत्या, म्हणजे टनामागे सरासरी ६२० लिटर. मासळीच्या भावात तेलाचा वाटा किती, हे यावरून उमजावे.

हे सारे एकत्र करून पाहण्याचा एक प्रयत्न रत्नागिरीपासून फार दूर नव्हे, वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये झाला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आराखडा केलेली 'सागर हरिता' ही १९.७५ मीटर लांबीची बहुउद्देशीय मासेमारी नौका तेथे बांधली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिचे इंजिन ४०० अश्वशक्तीचे, तेवढ्याच आकाराच्या इतर नौकांपेक्षा सुमारे २० टक्के कमी शक्तीचे ठेवले होते. कमी शक्तीत काम भागावे म्हणून तळाची ठेवण सुधारली, वरचे बांधकाम हलके केले, मासळीसाठी शीत समुद्रजलाच्या टाक्या दिल्या आणि आणीबाणीच्या दिव्यांसाठी सौर पट्ट्या बसवल्या. मोठे इंजिन म्हणजे मोठी मासळी या समजुतीला दिलेले हे उत्तर होते, आणि ते नौकेच्या आराखड्यातून आले, धुराड्यावरच्या उपकरणातून नव्हे.

तरीही उपकरणाची वेळ कधी तरी येणारच, आणि तेव्हा नौकेला एक अनपेक्षित सोय उपलब्ध असेल. जहाजावरच्या उत्प्रेरकाला सतावणारे गंधक नौकेच्या डिझेलमध्ये जवळजवळ नाही. ट्रकसाठी घडवलेली युरिया-पद्धत आणि काजळीची गाळणी रसायनाच्या दृष्टीने नौकेवर विनातक्रार चालावी. खारी हवा, जागेची टंचाई आणि किंमत हे अडथळे मात्र खरे आहेत. जैविक डिझेलचाही विचार कोकणाला परका नाही : किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यांना वापरत, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात त्यापासून बायोडिझेल करण्याचे प्रयोग झालेले आहेत. अशा तेलाने काजळी उतरते, नायट्रोजन ऑक्साइडे थोडी वाढतात, आणि दमट हवेत टाकीत पाणी धरून जंतू वाढण्याचा धोका असतो, म्हणून ते थोड्या प्रमाणात मिसळूनच वापरणे शहाणपणाचे. विजेवर जाण्याचा मान मात्र नौकांच्या आधी फेरीबोटींचा आहे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा ठरलेल्या, काही मिनिटांच्या खाडीपार खेपा बॅटरीला मानवणाऱ्या आहेत. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या बॅटरीवरच्या बोटी प्रवासी नेत आहेत.

कोकणाच्या बाजूने आणखी एक गोष्ट अशी आहे की जी ट्रकवाल्याला मिळत नाही. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तळ उघडा असतो, पंखा हाताशी असतो आणि इंजिन खोलता येते. रत्नागिरीत मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षण केंद्र सागरी इंजिनाची देखभाल आणि परिचालन शिकवते, शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. नोझल तपासण्याचे बाक आणि धूर मोजण्याचे यंत्र या ६१ दिवसांत बंदरावर आणून ठेवणे या संस्थांच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नारळी पौर्णिमा उलटल्यावरही ज्या नौकेचे सायलेन्सर काळे ओकत असेल तिच्या मालकाने हवेच्या गाळणीपासून सुरुवात करावी, नोझल आणि थर्मोस्टॅट पाहावे, मग पंख्याचे पीच मोजून घ्यावे; नवे, मोठे इंजिन घेण्याचा विचार त्यानंतर.